लॉगमध्ये शनिवारची वेळ, मशीन मात्र बंद: कर्नेल वॉर्निंगच्या चुकीच्या टाइमस्टॅम्पचा शोध

सोलापुरातल्या कारखान्यांची आणि दुकानांची लिनक्स मशीन बघताना एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, लॉगमध्ये (मशीनच्या नोंदवहीत) वॉर्निंग दिलेली असते, पण तिच्यावरची वेळ भलतीच असते. कधी दोन दिवस मागची, कधी साडेपाच तास पुढची, कधी थेट २००० सालातली. मग वॉर्निंग कशाची होती हे बाजूला राहतं आणि ती नक्की आली कधी यावरच सगळे अडून बसतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेतो, कारण त्यात हा घोळ पूर्ण दिसतो. ऑफिसमध्ये डिझाइन आणि बिलिंगसाठी उबंटूचं एक मशीन आहे. शनिवारी संध्याकाळी पाळी सुटली की मशीन नीट बंद करून मेन स्विच पाडतात आणि सोमवारी सकाळी आठच्या सुमारास पुन्हा चढवतात. एका सोमवारी दिवाणजींनी लॉग उघडला, तर नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची वॉर्निंग शनिवारी सायंकाळी ६:५२ ची. कारखान्याला कुलूप लागलं होतं पावणेसातनंतर लगेच, म्हणजे ६:५० च्या सुमारास. मालकांनी मला विचारलं, "सर, आम्ही गेल्यावर मशीन कोणी चालू केलं?" आणि नजर वॉचमनकाकांकडे वळली.

हे मला गंभीर वाटतं. लॉगमधली एक ओळ दाखवून माणसावर ठपका ठेवणार असाल, तर ती वेळ कुठल्या घड्याळाने लिहिली हे आधी तपासायलाच हवं. इथे मशीन शनिवारी कोणीच चालू केलं नव्हतं. ती वॉर्निंग सोमवारी सकाळी ८ वाजून ६ मिनिटांची होती. ते कसं काढलं, ते सांगतो.

वेळ कोण लिहितं

एका मशीनमध्ये तीन घड्याळं असतात आणि लॉगमध्ये तिन्हींच्या खुणा मिसळलेल्या असतात.

पहिलं मदरबोर्डवरचं, म्हणजे आरटीसी. मशीन बंद असतानाही ते चालतं, बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर. दुसरं सिस्टमचं घड्याळ. बूट होताना, म्हणजे मशीन चालू होताना, कर्नेल ते आरटीसीवरून लावतो, आणि नेट आलं की एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी पद्धत) ते दुरुस्त करतं. तिसरं कर्नेलचं स्वतःचं, आणि खरा गोंधळ याचाच. कर्नेलच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक आकडा असतो, उदाहरणार्थ [ १३४.७१२०९५]. ही तारीख-वेळ नाही. कर्नेल सुरू झाल्यापासून गेलेले सेकंद, आणि दशांश चिन्हानंतर मायक्रोसेकंद. रिक्षाच्या मीटरवरून किती अंतर आलो ते कळतं, कुठल्या चौकात उभे आहोत ते कळत नाही, तसं हे. या आकड्याला एनटीपी हात लावत नाही.

बूटच्या अगदी सुरुवातीच्या बऱ्याच ओळींवर [ ०.००००००] दिसतं. त्या सगळ्या एकाच क्षणी घडल्या असं नाही. कर्नेलचं हे घड्याळ तोवर सुरूच झालेलं नसतं, एवढंच.

आता जर्नलमध्ये किंवा कर्न-लॉग फाइलमध्ये ओळीच्या डाव्या टोकाला जी तारीख-वेळ दिसते, ती कर्नेलने लिहिलेली नसते. ओळ हातात आल्यावर जर्नलडी किंवा आरसिसलॉग हे लॉग लिहिणारे प्रोग्रॅम ती लावतात, त्या क्षणी सिस्टमचं घड्याळ जे दाखवत असेल ते. म्हणूनच बूटच्या सुरुवातीच्या शेकडो ओळींवर एकच सेकंद छापलेला दिसतो: जर्नलडी उठतो तेव्हा त्या सगळ्या त्याला एकगठ्ठा मिळतात. एका सेकंदात इतक्या ओळी पाहून वॉर्निंगांचा पूर आला असं समजू नका. आरसिसलॉगला कंसातला आकडा वाचून त्यावरून वेळ काढायला सांगता येतं, पण तो पर्याय मुळात बंद असतो आणि तो तसाच ठेवावा. दोन घड्याळं पूर्ण जुळत नाहीत, त्यामुळे कर्नेलच्या आणि इतर प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये नवीच तफावत तयार होते.

शनिवारची वेळ आली कुठून

त्या मशीनचा सेल संपलेला होता. पण आठवडाभर ते कोणाला कळत नव्हतं, आणि हीच यातली मेख आहे. मशीन बंद असलं तरी मेन स्विच चालू असेल तर एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) बोर्डाला स्टँडबायचे पाच व्होल्ट देत राहतो आणि आरटीसी त्यावर तगून राहतं. सुट्टीला मेन स्विच पाडला की सगळा भार सेलवर येतो. सेल मेलेला, म्हणून आरटीसी शून्यावर. त्यामुळे तक्रार दर सोमवारीच यायची, आणि मधल्या दिवसात कोणी तपासलं तर सगळं ठीक दिसायचं.

सोमवारी सकाळी काय घडलं ते लॉगमध्ये ओळीने लिहिलेलं होतं. आरटीसीवरून घड्याळ लावल्याची कर्नेलची एक ओळ असते, "सेटिंग सिस्टम क्लॉक टू" अशी. तिच्यात तारीख २००० सालची. त्यानंतर सिस्टमडीची, म्हणजे बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमची ओळ, "सिस्टम टाइम बिफोर बिल्ड टाइम, ॲडव्हान्सिंग क्लॉक". सिस्टमडी ज्या दिवशी तयार झालं त्याच्याही आधीची तारीख असणं शक्य नाही, म्हणून त्याने घड्याळ स्वतःच्या जन्मतारखेपर्यंत पुढे ढकललं. मग टाइमसिंकडी, म्हणजे एनटीपीने वेळ जुळवणारा त्याचा भाग, उठलं. ते शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर जपून ठेवतं. ती त्याने वाचली: शनिवार, सायंकाळी ६:५०. घड्याळ तिथे लावलं आणि तसं लॉगमध्ये नोंदवलंही, "रिस्टोअरिंग फ्रॉम रेकॉर्डेड टाइमस्टॅम्प". त्या क्षणी कंसातला आकडा १०.७ होता.

इथून घड्याळ शनिवारचं गृहीत धरून पुढे चालू लागलं. राउटरही त्याच मेन स्विचवर असल्याने तोही नुकताच उठत होता; नेट यायला चार-पाच मिनिटं लागली. त्या पोकळीत १३४.७ व्या सेकंदाला ड्रायव्हरची वॉर्निंग आली. ६:५० ला १२४ सेकंद मिळवले की ६:५२:०४. लॉगमध्ये नेमकी तीच वेळ.

खरी वेळ काढायची तर शनिवार विसरून जा आणि घड्याळ दुरुस्त झाल्याची ओळ शोधा. ती ३०० व्या सेकंदाला होती, आणि तेव्हा खरी वेळ सोमवार सकाळी ८:०९:०० झाली. वॉर्निंग त्याच्या १६५.३ सेकंद आधीची, म्हणजे पावणेतीन मिनिटं आधीची: ८:०६:१४. पुढून मागे मोजायचं, एवढंच. एका बूटच्या आत कंसातले आकडे भरवशाचे असतात आणि दुरुस्तीनंतरची वेळ खरी असते. या दोन गोष्टी पुरतात.

मालकांसमोर हेच गणित कागदावर मांडलं आणि ३०० व्या सेकंदाची ओळ स्क्रीनवर दाखवली. वॉचमनकाकांचं नाव तिथेच मागे पडलं.

तपासताना

आधी जर्नलसीटीएलला (जर्नल वाचायची आज्ञा) --लिस्ट-बूट्स देऊन बूटांची यादी बघा. प्रत्येक बूटला स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक असतो आणि घड्याळ कितीही चुकलं तरी तो चुकत नाही. एखाद्या बूटची सुरुवात आधीच्या बूटच्या शेवटाला चिकटलेली दिसली, किंवा सुरुवात कित्येक महिने मागची आणि शेवट आजचा, तर घड्याळ मध्येच उडालंय हे तिथेच कळतं. जुने बूट यादीत नसतील तर जर्नल डिस्कवर साठत नाहीये. जर्नलडीच्या सेटिंगमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट करा, नाहीतर प्रत्येक वेळी पुरावा मशीनबरोबरच बंद होतो.

मग हव्या त्या बूटचा कर्नेल लॉग -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक लावून काढा. यात तारखा निघून जातात आणि फक्त बूटपासूनचे सेकंद राहतात. वॉर्निंगच्या आगेमागे काय झालं हे वाचायला यापेक्षा स्वच्छ दृश्य नाही. मी तर चुकीच्या तारखेची तक्रार आली की तारखांचा रकाना आधी डोळ्यांसमोरून काढतो.

आणि टाइमडेटसीटीएल ही आज्ञा चालवा. ते स्थानिक वेळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आरटीसीची वेळ अशा तिन्ही एकाखाली एक दाखवतं. मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा. मात्र एनटीपी जुळलेलं असलं तर कर्नेल दर ११ मिनिटांनी आरटीसीही दुरुस्त करत असतो, त्यामुळे दुपारी बघितलंत तर सगळं गोमटं दिसेल. सेलचा संशय असेल तर मशीन मेन स्विचसकट रात्रभर बंद ठेवून सकाळी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) शिरून वेळ बघा, लिनक्स चालू व्हायच्या आधी.

सेल बदलणं हे पाच मिनिटांचं काम. बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ असतो, तीन व्होल्टचा. मल्टिमीटरवर नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो; २.७ च्या आसपास आला असेल तर विचार न करता बदला. आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याखालचं ऑफिस धरलं तर सेल लवकर उतरतो. काढण्याआधी पॉवर केबल काढा, आणि बसवल्यावर बायोसमधला बूट क्रम आणि डिस्कचा मोड तपासा, कारण काही बोर्डांवर सेटिंग मूळ पदावर जाते. मशीनवर फक्त लिनक्स असेल तर बायोसमध्ये यूटीसी लावायची, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे.

एक बाहेरचं लक्षणही सांगून ठेवतो. सोमवारी पहिली काही मिनिटं ब्राउझर सर्टिफिकेट चुकीचं म्हणून जीएसटीचं पोर्टल उघडत नाही आणि मग आपोआप उघडतं, तर ते नेटचं दुखणं नसून तारखेचं असतं.

नेमका साडेपाच तासांचा फरक

हा आपल्या देशातला खास ठसा. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे, त्यामुळे फरक नेमका तेवढाच असेल तर सेलकडे बघूच नका. त्या मशीनवर विंडोजही आहे का ते विचारा. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स तिथे यूटीसी आहे असं धरून चालतं. सकाळी नऊला बूट केलं की लिनक्स दुपारचे अडीच समजतं, पहिल्या मिनिटाच्या वॉर्निंग भविष्यातल्या दिसतात, मग एनटीपी घड्याळ मागे खेचतं आणि लॉग अचानक सकाळवर येतो. कोणी लॉगमध्ये फेरफार केलाय असं वाटावं इतकं ते विचित्र दिसतं.

उपाय दोन. लिनक्सला आरटीसी स्थानिक वेळेत आहे असं सांगता येतं, पण टाइमडेटसीटीएल स्वतःच त्याबद्दल इशारा देतं. मी विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये टाइमझोन इन्फर्मेशनखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही नोंद १ करतो आणि आरटीसी यूटीसीवरच ठेवतो.

फरक साडेपाच तासांचाच आहे, पण विंडोज नाही आणि घड्याळही उडत नाही, फक्त काही ओळी मागे दिसतात? मग बहुधा त्या ओळी इनिटरॅमएफएसमधल्या (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेतल्या) किंवा कंटेनरमधल्या (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) आहेत, जिथे टाइमझोनची फाइलच नसते आणि वेळ यूटीसीत छापली जाते. तिथे काही बिघडलेलं नाही.

झोपणारे लॅपटॉप आणि डीमेसेज

डीमेसेज ही कर्नेलच्या ओळी दाखवणारी आज्ञा. तिला मोठ्या टीचा पर्याय दिला की कंसातल्या सेकंदांऐवजी वाचण्याजोगी तारीख येते. सगळे तो वापरतात आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. पण ही तारीख कुठेही नोंदलेली नसते. आज्ञा चालवता त्या क्षणी ती हिशेबाने काढली जाते. कर्नेलचं घड्याळ मशीन सस्पेंडमध्ये असताना थांबतं. आठ तास झोपलेल्या लॅपटॉपवर जुनं डीमेसेज उठल्यानंतरच्या वॉर्निंग आठ तास मागे दाखवतं. नवं डीमेसेज झोपेचा वेळ मिळवतं, पण तो सगळ्याच ओळींना मिळवतं, त्यामुळे शेवटच्या जागेपणानंतरच्या ओळी बरोबर येतात आणि त्याआधीच्या पुढे सरकतात. मॅन पेजमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

न झोपणाऱ्या सर्व्हरवरही फरक साचतो. कर्नेलचं घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी जरी चुकत असलं तरी दिवसाला १.७ सेकंद होतात, आणि शंभर दिवस न थांबता चाललेल्या मशीनवर जवळपास तीन मिनिटं. वॉर्निंग आणि लाइटचा झटका एकाच वेळी आला का, हे ताडायचं असेल तर तीन मिनिटं फार झाली. तिथे जर्नलमधली वेळ घ्या.

वेळ बरोबर, तरी घटना आधीची

हा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे घड्याळात दोष नसतो. "टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स" (एखादं काम १२० सेकंदांहून जास्त अडकलंय) ही वॉर्निंग घटना घडल्यावर दोन मिनिटांनी येते, तिच्या व्याख्येतच ते आहे. तपासणीही ठरावीक अंतराने होते, त्यामुळे उशीर जवळजवळ चार मिनिटांपर्यंत जातो. वॉर्निंग ११:०४ ची असेल तर डिस्क ११:०० ते ११:०२ च्या दरम्यान अडकली होती, आणि यूपीएसचा लॉग त्याच वेळचा बघायला हवा. सॉफ्ट लॉकअपची (प्रोसेसर एकाच कामात अडकल्याची) वॉर्निंग वीसेक सेकंदांनी येते. हे उशीर वजा न करता लोक दुसऱ्याच घटनेला दोष देतात आणि चांगला यूपीएस बदलून मोकळे होतात.

थोडक्यात उरलेले

कंसात १८४४६७४४०७३.७०९५५१ असा अक्राळविक्राळ आकडा आला तर घाबरू नका. हे दोनाचा चौसष्टावा घात इतके नॅनोसेकंद, सुमारे ५८४ वर्षं. हिशेबात वेळ शून्याच्या किंचित खाली गेली आणि ती ऋण न धरता वाचली गेली, की हा आकडा दिसतो. अशाच हिशेबाच्या चुकीने काही जुने कर्नेल २०८.५ दिवस न थांबता चालल्यावर गडबडायचे. दोन्हीवर उपाय एकच, कर्नेल अद्ययावत करणं.

"क्लॉकसोर्स टीएससी अनस्टेबल" अशी ओळ असेल तर प्रोसेसरचा काउंटर कर्नेलला भरवशाचा वाटला नाही आणि त्याने एचपीईटीसारखं दुसरं घड्याळ धरलं. त्या ओळीच्या आसपास आकडे उडी मारू शकतात. बायोस अपडेट करून बघा. टीएससी भरवशाचाच आहे असं बूट पर्यायातून कर्नेलच्या गळी उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कारण कळल्याशिवाय तो मी कधीच घेत नाही.

मागांच्या फेऱ्या मोजायला बसवलेले रास्पबेरी पाय, म्हणजे एका बोर्डावरचे छोटे संगणक, हा वेगळा वर्ग. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ च्या आधीच्या बोर्डांवर आरटीसीच नाही, आणि पाय ५ वर ते असलं तरी त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. फेक-एचडब्ल्यूक्लॉक हा प्रोग्रॅम दर तासाला वेळ लिहून ठेवतं, म्हणजे लाइट गेली की परत येताना घड्याळ लाइट गेल्याच्या वेळेपेक्षाही तासाभरापर्यंत मागे. मागांच्या शेडमध्ये नेट नसेल तर डीएस ३२३१ हे आरटीसीचं मॉड्यूल बसवा, किंवा ऑफिसातल्या एका मशीनला एनटीपी सर्व्हर करून बाकी सगळ्यांना त्याच्याकडे वळवा. त्या मशीनला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर देता येतो. भारतीय प्रमाणवेळ तीच सांभाळते. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट मोकळा आहे ना तेवढं बघा.

शेवटी मूळ वॉर्निंगबद्दल. ती पुन्हा आली का हे वेळेवरून ओळखू नका. "वॉर्निंग" शब्दापुढे सोर्स फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, तो जुळवा. वॉर्निंगच्या शेवटच्या ओळीत "एंड ट्रेस"पुढे असतो तो क्रमांकही कामाचा नाही, नव्या कर्नेलांत तिथे नुसती शून्यं असतात. आणि अनेक वॉर्निंग एका बूटमध्ये एकदाच छापल्या जातात. कारखान्यातल्या त्या मशीनवर सेल बदलल्यावर मेन स्विच पाडला तरी तारीख टिकली, पण ड्रायव्हरची वॉर्निंग दर बूटला येतच होती, आता खऱ्या वेळेसह. दुरुस्ती लागू पडली का हे मशीन बंद न करता बघायचं असेल, तर डीबगएफएसमधल्या (कर्नेल तपासण्यासाठीच्या खास फाइल-व्यवस्थेतल्या) क्लिअर-वॉर्न-वन्स फाइलमध्ये १ लिहा. एकदाच छापायची खूण पुसली जाते आणि दोष शिल्लक असेल तर तीच वॉर्निंग पुन्हा उमटते.